अहो, लावा न

१

मला घाण सहन होत नाही. आमचे दुर्गचे नातेवाईक म्हणतात, केदार नाकाने कांदे सोलतो. म्हणोत बापडे. कपाच्या कडेला ओठाचा ठसा दिसला की मी तो कप पुन्हा घासतो, आणि पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की माझं जेवण तिथेच आटोपतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं माझ्या किळसेपासूनच सुरू झालं.

माझे सासरे रामाजी हिवाळ्यात गेले. मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी, पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले आणि सेक्टर दोनच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये त्यांनी जन्म काढला. माणूस सरळ होता. पण त्यांना गुडाखूची सवय होती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा, चिकट लगदा इकडे दुर्ग भागात घरोघरी दातांना घासतात. रामाजींना त्याचा नाद सोबतच्या कामगारांनी लावला. ड्यूटीवरून आले की टीव्हीसमोर खुर्ची टाकायची, डबीत बोट घालायचं, दातांवर घासत बसायचं आणि पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात थुंकायचं. त्याच बोटाने रिमोट दाबायचा. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना बोलता यायचं नाही. कुणी हाक मारली की ओठ मिटूनच "हं" म्हणायचे. तो ओलसर हुंकार ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा.

ते गेल्यावर क्वार्टर परत करावं लागलं, आणि सासूबाई, बेबीताई, आमच्याकडे नेहरू नगरला राहायला आल्या. माझी बायको रेणू त्यांची एकुलती एक मुलगी, दुसरीकडे जाणार कुठे? लेकीच्या घरचं अन्न खायचं म्हणून त्या आधीच अवघडलेल्या होत्या. बरोबर आणलं ते काय, तर चार साड्या, देव, एक मोठं स्टीलचं ताट आणि रामाजींचा टीव्हीचा रेकॉर्डर.

हा रेकॉर्डर म्हणजे छतावरच्या डिशला जोडतात तो डबा. त्यात मालिका साठवून ठेवता येतात. संध्याकाळी बेबीताई स्वयंपाकात असायच्या, म्हणून रामाजी त्यांच्या मालिका रेकॉर्ड करून ठेवायचे आणि दुसऱ्या दुपारी दोघं बसून बघायचे. त्या माणसाने बायकोचं केलेलं हे एवढंच कौतुक. न बघितलेले पुष्कळ भाग त्या डब्यात अजून शिल्लक होते, आणि बेबीताईंना ते बघायचे होते.

मी डबा हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. बोटं चिकटली होती. बटणांच्या खाचांत काळं काहीतरी वाळून बसलं होतं, त्यात एक पांढरा केस रुतला होता, आणि सगळ्याला तो गोडसर, कडवट वास येत होता. हा डबा माझ्या हॉलमध्ये राहणं शक्य नव्हतं.

२

त्यावर मी तोड काढली. मी नेहरू नगरातच एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. माझी लेक्चर्स, घरचे फोटो, सिनेमे हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरवर स्टोअररूममध्ये असतं आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, टॅबवर, फोनवर ते दिसतं. म्हटलं, रेकॉर्डरही त्याच नेटवर्कला जोडून टाकू. घाण स्टोअरमध्ये बंद राहील आणि मालिका बेबीताईंच्या खोलीत दिसतील. साप मरेल आणि लाठीही तुटणार नाही.

हातमोजे घालून मी डबा पुसला, स्टोअरच्या खालच्या फळीवर ठेवला आणि त्याला नेटची केबल लावली. डिशची केबल स्टोअरपर्यंत येत नव्हती. ती लागणारही नव्हती, कारण नवीन काही रेकॉर्ड करायचंच नव्हतं. टीव्हीने विचारलं, या उपकरणाला घरात परवानगी द्यायची का? मी "नेहमी" दाबलं. नाव विचारलं तेव्हा मी "रामाजी" असं लिहिलं. मग बेबीताईंच्या हातात माझा नवा, स्वच्छ, बोलून चालणारा रिमोट दिला आणि सांगितलं, हे बटण दाबायचं आणि नाव घ्यायचं, की रेकॉर्डर सुरू.

बेबीताईंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"जवाईबापू, मी त्यायचं नाव नाई घेत," त्या म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. मी समजावलं की हे माणसाचं नाव नाही, डब्याचं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, डब्बा बी त्यायचाच हाय न. रेणू दारात उभी होती. ती म्हणाली, मम्मीने लग्नात उखाण्यात नाव घेतलं असेल तेवढंच, उसके बाद कभी नहीं. मी वैतागून विचारलं की मग हाक कशी मारायच्या? बेबीताईंनी नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

"अहो म्हनत जाओ," त्या म्हणाल्या.

मी "रामाजी" खोडलं आणि "अहो" लिहिलं. स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो. बेबीताईंनी बटण दाबलं, रिमोट ओठांजवळ नेला आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो, लावा न."

मालिका सुरू झाली. बेबीताईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्या रडल्या. रेणूही रडली. मी हातमोजे कचऱ्यात टाकले आणि कोपरापर्यंत हात धुतले.

तसं पाहिलं तर घरात अहो एक आधीपासून होताच. रेणू मला एरवी नावानेच हाक मारते, केदार, कचऱ्याची गाडी आली बघ. पण आई राहायला आल्यापासून ती आईच्या देखत मला अहो म्हणायला लागली होती. आम्ही दोघं आत जाऊन त्यावर हसायचो.

३

माझे क्लास सकाळी आणि संध्याकाळी असतात, दुपारी मी घरी पेपर तपासत बसतो. रेणू शाळेत शिकवते, ती उशिरा येते. त्यामुळे दुपारी घरात मी आणि बेबीताई. जेवण झालं की त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, अहो, लावा न. मग मालिकेचं संगीत सुरू. मला त्या आवाजाची सवय झाली होती. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

एका दुपारी मालिकेतली सून सासूशी भांडत होती, आणि त्या भांडणाखालून दुसराच आवाज येत होता. खस, खस, खस. थोडं थांबून पुन्हा खस, खस. मग पत्र्यावर काहीतरी ओलं पडल्याचा आवाज.

मी उठून गेलो. बेबीताई पलंगावर मांडी घालून बघत होत्या. मी विचारलं, आई, हा कसला आवाज? त्या म्हणाल्या, कुठचा आवाज? आवाज चालूच होता.

मी फिजिक्सचा माणूस. मनाला सांगितलं, डबा जुना आहे, आतली डिस्क घासत असेल. तो आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून कसा येईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळलं. नंतर टॅबवर रेकॉर्डरची यादी उघडली, तेव्हा सगळ्यात वर त्याच दुपारचं एक नवीन रेकॉर्डिंग होतं. चॅनेलचं नाव नव्हतं. डिशची केबलच नाही, तर रेकॉर्ड झालं काय?

मी ते लावलं. पडदा काळा होता. नाकाने घेतलेला जड श्वास ऐकू आला, मग ते दात घासणं. मग लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा बेबीताईंचा आवाज. अहो, लावा न. आणि अगदी जवळ, माझ्या कानाला लागून, ओठ मिटलेला हुंकार.

हं.

टॅब माझ्या हातून गादीवर पडला. त्या डब्याला माइक नाही, हे मला माहीत होतं. मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि टॅब स्पिरिटने पुसला, जणू आवाजाचाही डाग राहतो. दुसऱ्या दुपारी यादीत तसंच नवीन रेकॉर्डिंग होतं. ते मी उघडलं नाही.

४

मग बेसिनमध्ये लाळेसारखी तार दिसली. काळपट, चिकट, जाळीपासून नळापर्यंत ताणलेली, आणि तिला तोच वास. काडीने ती ओढली तर तुटता तुटेना.

आता मला सगळं उमगल्यासारखं वाटलं. इकडे कितीतरी बायका चोरून गुडाखू लावतात. बेबीताईही लावत असणार. आवाज त्यांचाच, ओघळ त्यांचाच, आणि मी मात्र डब्यात भूत शोधत बसलो होतो. माझी भीती पळाली आणि तिच्या जागी राग आला. रागाचं मला बरं असतं, तो स्वच्छ असतो.

रेणूला सांगितलं तर ती भडकली. "मम्मीने आजवर सुपारी नाही खाल्ली, और तू बोल रहा है गुडाखू? ती आधीच किती सुकली आहे, ते नाही दिसत तुले?"

दिसत होतं. बेबीताईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. माझ्यासमोर जेवायला लाजतात म्हणून त्या आपलं ताट घेऊन खोलीत जायच्या, आणि ताट भरलेलं असायचं. एवढं जेवणारा माणूस सुकेल कसा? रेणूच्या डोळ्यांत आता तीच एक काळजी असायची. बाप गेला होता, आता आई हातची जाते की काय. ती शाळेतून फोन करून मला विचारायची, मम्मी जेवली का. मी म्हणायचो, हो, चांगली जेवली.

तरीही दुसऱ्या दुपारी मी बेबीताईंना बेसिनजवळ बोलावलं आणि सरळ विचारलं. आवाज माझा चढलेलाच होता. त्यांनी वाद घातला नाही. उजेडाकडे तोंड केलं आणि आ वासला.

दात स्वच्छ होते, सगळे शाबूत. पण हिरड्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि जिभेवर तपकिरी साय धरली होती.

"मी नाई लावत, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "ताटात येते ते."

कुठल्या ताटात, असं मी विचारलं. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या आत निघून गेल्या.

५

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन बसलो, पण लक्ष स्वयंपाकघराकडे ठेवलं. बेबीताईंनी ते मोठं ताट घेतलं. भात, वरण, वांग्याची भाजी, दोन पोळ्या, वर लोणचं. ताट घेऊन त्या आपल्या खोलीकडे गेल्या नाहीत. स्टोअरकडे गेल्या.

मी अनवाणी मागे गेलो. त्यांनी ताट डब्यासमोर फरशीवर ठेवलं, पेल्यात पाणी ठेवलं आणि दार ओढून घेतलं. मग दाराला पाठ लावून बसल्या, हात मांडीत.

"अहो, जेवा," त्या म्हणाल्या.

स्टोअरला खिडकी नाही, दुसरं दार नाही. आतून जेवण्याचा आवाज यायला लागला. भात चेपल्याचा, वरण सुरकून ओढल्याचा, तोंड उघडं ठेवून सावकाश चावल्याचा. कुठलीही घाई नव्हती. मध्येच नाकाने श्वास. मी हातातले पेपर तोंडावर दाबून धरले. शेवटी पत्र्याच्या डब्यात पडावी तशी थुंकी पडली आणि सगळं शांत झालं.

बेबीताई उठल्या आणि त्यांनी ताट बाहेर आणलं. तेव्हा त्यांना मी दिसलो, पण त्या दचकल्या नाहीत. ताटात भाताचा एक चेपलेला गोळा उरला होता, त्यावर बोटांचे खड्डे. भाजीतून कडेपर्यंत तपकिरी लाळेची तार गेली होती. पोळीचा एक तुकडा चावून सोडलेला होता. चाव्याची कड गोल होती, फक्त मधे एक टोक तसंच राहिलं होतं, समोरचा दात नसला की राहतं तसं. रामाजींचा समोरचा दात पडलेला होता. बेबीताईंचे दात मी कालच पाहिले होते.

त्या तिथेच बसल्या आणि त्यांनी त्या भाताचा घास केला.

"आई, टाका ते. फेका," मी म्हणालो.

"लगन झालं तवापासून त्यायच्याच ताटात जेवली मी. आता कावून फेकू?" त्यांनी घास गिळला. "आंधी माह्यासाठी बरंच ठेवत जात. आता भूक वाढली त्यायची. ठेवतच नाईत काई."

मी बाथरूमकडे पळालो. पोटात काही उरलं नाही तरी उमासे येत राहिले. तोंड धुताना मी स्वतःला सांगत होतो की हे सगळं त्याच करतात, दुःखाने माणूस काहीही करतो, घास त्यांनीच चेपला, चावा त्यांनीच घेतला. पण त्या दाराबाहेर बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

६

संध्याकाळी रेणूला सांगितलं, आईच्या काळ्या पडलेल्या हिरड्या दाखवल्या. ती विश्वास ठेवते की नाही, कळलं नाही. पण ती आईला घट्ट धरून बसली आणि म्हणाली, तो डब्बा घर से निकाल, मला माझी मम्मी पाहिजे.

रविवारी सकाळी मी पुन्हा हातमोजे घातले. डब्यामागची भिंत ओली होती आणि तिच्यावर तपकिरी ओघळ होते, खाली फळीपर्यंत. डबा उचलला तर त्याच्या पोटातून काहीतरी पाझरून माझ्या मनगटावर आलं. मी ओरडलो नाही, पण शिवी मात्र घातली. पोत्यात घालून तो स्कूटरवर ठेवला, हुडको वस्तीतल्या एका भंगारवाल्याकडे नेला आणि माझ्यासमोर हातोड्याने फोडून घेतला. आत काही निघालं नाही. पट्ट्या, तारा, एक डिस्क. भंगारवाला म्हणाला, बाबूजी, इसमें गुड़ रखा था क्या?

घरी येऊन मी स्टोअर फिनाइलने धुतलं. मग हॉलचा टीव्ही, बेबीताईंचा टीव्ही, टॅब, दोघांचे फोन, प्रत्येकातून "अहो" पुसून टाकलं. टीव्हीवर आलं, उपकरण सापडत नाही. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही.

बेबीताई पलंगावर बसून बघत होत्या. त्यांनी विरोध केला नव्हता, रडल्याही नव्हत्या. मी म्हटलं, आई, आता आमच्यासोबत टेबलावर बसून जेवायचं, गरम गरम. संपलं सगळं.

"डब्बा फोडून का होते, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "हाक तं मी मारत होती. आता घरात जो कोनी हाक मारन, त्याले ओ देतीन ते. उपाशी हायेत."

मी म्हटलं, तुम्ही आता हाक मारू नका म्हणजे झालं. त्यांनी मान हलवली. नाई मारत मी, म्हणाल्या.

७

मनगटावरचा चिकटपणा जात नव्हता. मी बाथरूमचा नळ सोडून साबण लावत होतो, धुवत होतो, पुन्हा लावत होतो. बाहेर पोळ्यांचा वास सुटला होता. रेणूने कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणलेलं ऐकू आलं. आई आज टेबलावर बसली होती, म्हणून ती खुशीत होती. आई समोर होती, म्हणून तिने हाकही तशीच मारली.

"अहो, जेवायला या."

आलो, म्हणायला मी तोंड उघडलं.

"हं," जेवणाच्या टेबलाकडून आवाज आला.

खुर्ची फरशीवर सरकली. मी नळ बंद केला नाही. माझे हात फेसाने भरलेले होते. नळाच्या आवाजामागे भात चेपल्याचा आवाज येत होता. वरण ओढल्याचा. मी मनाशी म्हणालो, बेबीताई असतील, त्याच जेवत असतील. म्हणालो, डबा फुटला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. हेच म्हणत मी तिथे किती वेळ उभा राहिलो, ते मला सांगता येणार नाही. शेवटी दार उघडून बाहेर आलो.

रेणू गॅसकडे तोंड करून शेवटची पोळी शेकत होती. टेबलाच्या एका बाजूला बेबीताई बसल्या होत्या. त्यांचं ताट जसंच्या तसं भरलेलं, हात मांडीत, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. माझी खुर्ची मागे सरकलेली होती. माझ्या ताटात चेपलेल्या भाताचा एक गोळा होता, भाजीतून कडेपर्यंत गेलेली तपकिरी तार होती, आणि पोळीचा एक तुकडा, मधे टोक राहिलेला.

रेणू पोळी घेऊन वळली आणि मला बघून हसली. "झालं पण जेवून? हात पण धुऊन आले? मला वाटलं पोळी तरी घ्याल अजून."

"रेणू, मी नाही जेवलो," असं मला म्हणायचं होतं. पण त्या ताटाकडे बघता बघता मी ओठ घट्ट मिटून ओकारी आवरत होतो. ती माझ्या खुर्चीत बसली. आमच्या लग्नापासून तिने कधी माझा उष्टा पेलासुद्धा तोंडाला लावला नव्हता. तिने माझं ताट सहज पुढे ओढलं.

"एवढंसं फेकायचं कशाला," ती म्हणाली आणि तिने तो भात तोंडात घातला.

बेबीताईंच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. मी धावलो, ताट हिसकावलं, भाजी माझ्या हातावर सांडली. पण रेणूने घास गिळला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, जरा नवल वाटल्यासारखं. मग तिने तर्जनी तोंडात घातली आणि पुढच्या दातांवरून सावकाश घासायला लागली.

मी तिला हाक मारली. रेणू, रेणू, म्हणत तिचे खांदे हलवले.

तिने ओठ मिटूनच उत्तर दिलं.

"हं."